अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूलमधलं 'उलटं' अमिनो आम्ल कुठून येतं? बॅक्टेरियाच्या दोन एन्झाइमची गोष्ट

घसा बसला, कान ठणकायला लागला, दाताला सूज आली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा एक नाव दिसतं, अमॉक्सिसिलिन. लाल-पिवळी किंवा तशाच दोन रंगांची कॅप्सूल, किंवा लहान मुलांसाठी पाणी घालून हलवायची पावडरची बाटली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत हे औषध आहे आणि भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे.

हे औषध पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे आणि पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं, हे शाळेत शिकवलेलं असतं. पण अमॉक्सिसिलिनचा रेणू दोन तुकडे जोडून तयार होतो. त्यातला एकच तुकडा बुरशीकडून येतो. दुसरा तुकडा म्हणजे एक अमिनो आम्ल. ते डाळीत, अंड्यात किंवा दुधातल्या प्रथिनांत सापडत नाही. जगभर ते बनवण्यासाठी बॅक्टेरियाची एन्झाइम वापरली जातात.

म्हणजे बॅक्टेरियाला मारणाऱ्या औषधाचा एक भाग बॅक्टेरियाचीच यंत्रणा वापरून तयार होतो. हे नेमकं कसं घडतं आणि भारतासाठी ते महत्त्वाचं का आहे, ते समजून घेऊया.

थोडक्यात काय?

- अमॉक्सिसिलिन = ६-एपीए (बुरशीच्या पेनिसिलिनमधून) + डी-एचपीजी (एक अमिनो आम्ल).
- डी-एचपीजी हे 'उजव्या-डाव्या' जोडीतलं एकच रूप आहे. औषधाला नेमकं तेच लागतं.
- साध्या रसायनशास्त्रानं बनवलं तर दोन्ही रूपं निम्मी-निम्मी मिळतात.
- हायडँटॉइनेज आणि कार्बामॉयलेज ही बॅक्टेरियाची दोन एन्झाइम मिळून जवळपास सगळा माल हव्या त्या रूपात बदलतात.
- या कच्च्या मालाच्या साखळीसाठी भारत बराच काळ आयातीवर अवलंबून राहिला आहे.

आधी 'उलटं' म्हणजे काय ते पाहू

आपल्या शरीरातली प्रथिनं २० प्रकारच्या अमिनो आम्लांपासून बनतात. त्यातलं ग्लायसीन सोडलं तर बाकी प्रत्येक अमिनो आम्ल दोन रूपांत असू शकतं. दोन्ही रूपांत अणू तेच, त्यांची संख्या तीच, कोण कोणाला जोडलंय तेही सारखंच. फरक फक्त मांडणीचा. एक रूप दुसऱ्याची आरशातली प्रतिमा असतं.

दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांची जोडी आठवा. दोन्ही चपलांचं माप तेच, पट्टे तेच, रंग तोच. पण डावी चप्पल उजव्या पायात घातली की लगेच कळतं. रेणूंचंही तसंच आहे. शास्त्रज्ञ या दोन रूपांना 'एल' आणि 'डी' म्हणतात.

सजीवांनी प्रथिनं बांधण्यासाठी जवळपास सगळीकडे 'एल' रूप निवडलंय. माणूस, गवत, मासा, बुरशी, सगळ्यांच्या प्रथिनांत एल-अमिनो आम्लं. 'डी' रूप अगदीच नसतं असं नाही. बॅक्टेरियाच्या पेशीभोवती जी भिंत असते तिच्यात डी-ॲलानीन आणि डी-ग्लुटामिक आम्ल असतं. पण एरवी ते विरळाच.

रेणूंच्या या डाव्या-उजव्या प्रकाराचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये लावला. टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली बघताना त्यांना दोन प्रकारचे, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे स्फटिक दिसले. त्यांनी ते चिमट्यानं वेगळे केले. साधारण दहा वर्षांनी त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही रूपांच्या मिश्रणात एक बुरशी वाढवली, तर ती एकच रूप खाऊन टाकते आणि दुसऱ्याला हात लावत नाही.

माणसाला चिमट्यानं जे करावं लागलं ते सूक्ष्मजीव सहज करतात, हे तेव्हाच दिसून आलं होतं. आजचा डी-एचपीजीचा कारखाना याच तत्त्वावर चालतो.

अमॉक्सिसिलिनला हे अमिनो आम्ल का लागतं?

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन १९२८ मध्ये सापडलं. मूळ पेनिसिलिन जी उत्तम काम करायचं, पण त्याच्या दोन अडचणी होत्या. पोटातल्या आम्लात ते टिकत नसल्यानं बहुतेक वेळा इंजेक्शन द्यावं लागायचं. शिवाय ई. कोलायसारख्या अनेक बॅक्टेरियांच्या बाहेरच्या आवरणातून ते नीट आत शिरत नव्हतं.

१९५० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधल्या बीचम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला. त्याचं नाव ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल, थोडक्यात ६-एपीए. औषधाचा मारा करणारी चौकोनी कडी या गाभ्यात असते. आता गाभा तोच ठेवून त्याला वेगवेगळ्या 'शेपट्या' जोडून नवी पेनिसिलिनं बनवणं शक्य झालं.

फेनिलग्लायसीन या अमिनो आम्लाचं डी रूप शेपटी म्हणून जोडलं आणि ॲम्पिसिलिन तयार झालं. ते १९६१ मध्ये बाजारात आलं. ते तोंडावाटे घेता येत होतं आणि जास्त प्रकारच्या बॅक्टेरियांवर चालत होतं. त्याच शेपटीवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी जास्तीची बसवली की ती होते डी-हायड्रॉक्सीफेनिलग्लायसीन, म्हणजेच डी-एचपीजी. ही शेपटी जोडलेलं औषध म्हणजे अमॉक्सिसिलिन. ते १९७२ मध्ये आलं. एवढ्याशा बदलानं ते आतड्यातून ॲम्पिसिलिनपेक्षा चांगलं शोषलं जाऊ लागलं.

शेपटी डी रूपातलीच का? कारण एल रूपाची शेपटी लावली की औषधाचा बॅक्टेरियाविरुद्धचा जोर कमी पडतो. औषध रक्तात पोचून उपयोग नाही, बॅक्टेरियामधल्या ठरलेल्या जागी ते नीट बसायला हवं. शिवाय औषधाच्या गुणवत्तेचे नियम कडक असतात. चुकीच्या रूपाची भेसळ ठरावीक मर्यादेबाहेर गेली तर माल नापास होतो.

ही शेपटी रेणूचा किती भाग आहे? रेणूच्या वजनाचा साधारण ४० टक्के. रसायनशास्त्राचा सरळ हिशोब केला तर ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमागे कमीत कमी सुमारे २३० मिलिग्रॅम डी-एचपीजी लागतं. प्रत्यक्षात थोडं जास्तच, कारण कोणत्याही कारखान्यात काही माल वाया जातो. जगात वर्षाला किती कॅप्सूल खपत असतील याचा विचार केला की हे अमिनो आम्ल टनांच्या हिशोबानं का लागतं ते कळतं.

मग कारखान्यात थेट बनवता येत नाही का?

येतं, पण तिथेच खरी अडचण सुरू होते.

साध्या रासायनिक अभिक्रियेला डावं-उजवं कळत नाही. फेनिलग्लायसीन किंवा एचपीजी नेहमीच्या पद्धतीनं बनवलं की डी आणि एल दोन्ही निम्मे-निम्मे तयार होतात. म्हणजे १०० किलो माल बनवला तर त्यातला ५० किलोच कामाचा. आणि तो ५० किलो वेगळा काढणंही सोपं नसतं, कारण दोन्ही रूपांचा वितळण्याचा बिंदू, पाण्यात विरघळण्याचं प्रमाण, सगळं सारखं. गाळून, उकळून, थंड करून ती वेगळी होत नाहीत.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला एक जुना उपाय म्हणजे कापूर. नैसर्गिक कापूर एकाच रूपात मिळतो. त्यापासून बनवलेलं कॅम्फर सल्फॉनिक आम्ल या मिश्रणात घातलं की डी आणि एल यांच्याशी त्याचे वेगवेगळे क्षार तयार होतात. त्यातला एक आधी स्फटिक होऊन खाली बसतो. तो गाळायचा, त्यातून हवं ते अमिनो आम्ल सोडवायचं, कापराचं आम्ल परत मिळवायचं, उरलेल्या नको त्या रूपाचं पुन्हा निम्मं-निम्मं मिश्रण करायचं आणि सगळं चक्र परत चालवायचं.

ही पद्धत चालते. पण टप्पे बरेच, द्रावणं बरीच, आणि प्रत्येक फेरीत थोडं नुकसान.

बॅक्टेरियाकडे यावर उत्तर कसं होतं?

एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं 'विकर', हे एक प्रथिन असतं. ते रासायनिक अभिक्रिया वेगानं घडवतं आणि स्वतः खर्च होत नाही. प्रत्येक एन्झाइममध्ये एक खोबण असते. त्या खोबणीत बसेल त्याच रेणूवर ते काम करतं. एन्झाइम स्वतः एल-अमिनो आम्लांचं बनलेलं असल्यानं त्याची खोबणही 'डावी-उजवी' असते. उजव्या पायाच्या बुटात डावा पाय जात नाही, तसंच.

हायडँटॉइनेज हे असंच एक एन्झाइम. बॅक्टेरियाच्या पेशीत या कुळातली एन्झाइम मुळात वेगळंच काम करतात. युरॅसिल आणि थायमीन हे आरएनए-डीएनएचे घटक मोडताना एक कड्यासारखा रेणू तयार होतो. ती कडी उघडायचं काम त्यांचं. माणसाच्या यकृतातही या कामासाठी याच कुळातलं एन्झाइम आहे.

या बॅक्टेरियाच्या एन्झाइमला हायडँटॉइन नावाची मिळतीजुळती कडी दिली तर ते तीही उघडतं, आणि अनेक बॅक्टेरियांमधलं हे एन्झाइम फक्त डी रूपाचीच कडी उघडतं, असं संशोधकांच्या लक्षात आलं. १९७० च्या दशकात जपानमधल्या क्योटो विद्यापीठात हिदेआकी यामादा यांच्या गटानं यावर काम केलं. स्यूडोमोनास या मातीत-पाण्यात सगळीकडे सापडणाऱ्या बॅक्टेरियामधलं एन्झाइम त्यांनी वापरलं. १९८० च्या सुमारास जपानच्या कानेगाफुची कंपनीनं, जी आज कानेका नावानं ओळखली जाते, ही पद्धत कारखान्यात आणली.

पायरी-पायरीनं: फिनॉलपासून डी-एचपीजीपर्यंत

पहिली पायरी, कडी बनवणं. फिनॉल, ग्लायऑक्सिलिक आम्ल आणि युरिया यांची अभिक्रिया घडवतात. फिनॉल पेट्रोरसायन उद्योगातून येतं. युरिया म्हणजे शेतात खत म्हणून टाकतात तोच पदार्थ, फक्त कारखान्याला लागेल तितका शुद्ध. यातून हायड्रॉक्सीफेनिल हायडँटॉइन तयार होतं. इथे एन्झाइम नाही, त्यामुळे डी आणि एल दोन्ही निम्मे-निम्मे.

दुसरी पायरी, हायडँटॉइनेज. हे मिश्रण किंचित आम्लारीधर्मी पाण्यात एन्झाइमला देतात. हायडँटॉइनेज डी रूपाची कडी उघडतं आणि त्यातून डी-कार्बामॉयल-एचपीजी तयार होतं. एल रूप तसंच पडून राहतं.

मग निम्मा माल वाया गेला का? नाही, आणि या पद्धतीची खरी कमाल इथेच आहे. या विशिष्ट हायडँटॉइनला एक खोड आहे. किंचित आम्लारीधर्मी पाण्यात त्याचं एल रूप आपोआप डी मध्ये बदलतं आणि डी पुन्हा एल मध्ये. म्हणजे ते सतत समतोल साधायला बघतं. एन्झाइम डी उचलत जातं, तसतसा डीचा साठा कमी होतो. तो भरून काढायला एल रूप डी मध्ये बदलत राहतं. तेही एन्झाइम उचलतं.

एका टोपलीत डाव्या-उजव्या चपला आहेत, फक्त उजव्या उचलायच्या आहेत, आणि प्रत्येक वेळी टोपली हलवली की उरलेल्यातल्या निम्म्या डाव्या चपला उजव्या होतात, अशी कल्पना करा. शेवटी सगळ्या चपला उजव्याच हाती लागतील. त्यामुळे इथे ५० टक्क्यांची मर्यादा राहत नाही. हिशोबानं तरी १०० टक्के माल हव्या त्या रूपात मिळू शकतो.

तिसरी पायरी, शेपूट कापणं. आता रेणूला 'कार्बामॉयल' नावाचा एक जास्तीचा गट लटकलेला असतो. तो काढला की शुद्ध डी-एचपीजी मिळतं. सुरुवातीला हे काम नायट्रस आम्लानं केलं जायचं. म्हणजे आधी एन्झाइम आणि मग परत रसायन. त्यातून क्षारांचा कचरा आणि दूषित पाणी निघायचं.

बॅक्टेरियामध्ये या कामासाठीही एक एन्झाइम आहे, डी-कार्बामॉयलेज. ॲग्रोबॅक्टेरियम या झाडांच्या मुळांजवळच्या मातीत राहणाऱ्या बॅक्टेरियामध्ये ते सापडतं. ते कार्बामॉयल गट तोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मोकळे करतं आणि मागे डी-एचपीजी राहतं. त्यातही ते डी रूपालाच हात लावतं. म्हणजे ही दुसरी चाळणी झाली. पहिल्या एन्झाइमकडून चुकून एल रूप पुढे आलंच, तर ते इथे अडतं.

एवढं सोपं होतं, तर लगेच का वापरलं नाही?

कारण डी-कार्बामॉयलेज नाजूक आहे. उष्णता वाढली की ते बिघडतं, हवेतल्या ऑक्सिजननंही खराब होतं. प्रयोगशाळेत एकदा वापरायला चालतं, पण कारखान्याला तेच एन्झाइम पुन्हा पुन्हा वापरायचं असतं, नाहीतर खर्च परवडत नाही.

म्हणून संशोधकांनी या एन्झाइमचा जनुक ई. कोलायमध्ये टाकला, त्यात मुद्दाम बदल केले आणि जास्त उष्णतेत टिकणारी रूपं शोधली. १९९० च्या दशकात अशी सुधारलेली एन्झाइम कारखान्यात वापरात आली आणि तिसरी पायरीही जैविक झाली. पुढे दोन्ही एन्झाइम एकाच ई. कोलाय पेशीत बनवण्याचे प्रयत्नही यशस्वी झाले.

एन्झाइमला माणसाच्या गरजेप्रमाणे घडवणं आता वेगळी शाखाच झाली आहे. याच कामासाठी अमेरिकेच्या फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. २००० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हायडँटॉइनेजवरच एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. डी रूप पसंत करणाऱ्या एका हायडँटॉइनेजमध्ये त्यांनी बदल घडवून ते एल रूप पसंत करणारं केलं, कारण त्यांना मेथिओनीन हे अमिनो आम्ल एल रूपात हवं होतं. थोडक्यात, एन्झाइमची 'आवड'ही बदलता येते.

गोळीत बॅक्टेरिया राहतात का?

नाही. कारखान्यात एन्झाइम दोन प्रकारे वापरतात. एक तर मेलेल्या किंवा न वाढणाऱ्या बॅक्टेरिया पेशी तशाच वापरायच्या, किंवा एन्झाइम वेगळं काढून प्लॅस्टिकसारख्या रेझिनच्या बारीक मण्यांवर घट्ट बसवायचं. दुसऱ्या पद्धतीत मणी टाकीत राहतात, माल पाण्यातून बाहेर पडतो, मणी गाळून परत वापरले जातात. चहाची पूड गाळणीत अडते आणि चहा खाली उतरतो, तसं. फरक इतकाच की ही 'पूड' पुढच्या खेपेलाही तितकंच काम करते.

एन्झाइमला असं बांधून ठेवण्याची युक्ती उद्योगात पहिल्यांदा वापरली गेली ती अमिनो आम्लांसाठीच. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांच्या गटानं १९६९ मध्ये बुरशीचं एक एन्झाइम मण्यांवर बसवून एल-अमिनो आम्लं वेगळी काढायला सुरुवात केली. १९७३ मध्ये त्याच कंपनीनं ई. कोलायच्या पेशी जेलमध्ये अडकवून ॲस्पार्टिक आम्ल बनवलं. त्या पेशींमधलं ॲस्पार्टेज हे एन्झाइम फ्युमॅरिक आम्लाला अमोनिया जोडतं. 'शुगर फ्री' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पदार्थांतल्या ॲस्पार्टेम या गोडव्याचा एक घटक हेच ॲस्पार्टिक आम्ल आहे.

डी-एचपीजी तयार झाल्यावर ते पाण्यात फारसं विरघळत नसल्यानं पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात वेगळं करता येतं. पुढे ते धुऊन, तपासून औषधाच्या कारखान्यात जातं. डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलमध्ये ना जिवंत बॅक्टेरिया असतात ना ही एन्झाइम.

दोन तुकडे जोडतानाही बॅक्टेरियाच

आता ६-एपीए आणि डी-एचपीजी हे दोन तुकडे तयार आहेत. पण ६-एपीए मिळवायचं कसं? बुरशीकडून मिळतं पेनिसिलिन जी. त्याची मूळ शेपटी कापावी लागते, आणि ती कापताना गाभ्यातली नाजूक कडी तुटता कामा नये.

पूर्वी यासाठी फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारखी तीव्र रसायनं, क्लोरीनयुक्त द्रावणं आणि उणे ४० अंशांच्या आसपासचं तापमान लागायचं. पेनिसिलिन ॲसायलेज हे ई. कोलायमधलं एन्झाइम हेच काम साध्या पाण्यात, माणसाच्या अंगाला सोसेल इतक्या तापमानाला करतं. आज ६-एपीए बहुतेक ठिकाणी असंच बनतं. इतकंच नाही, परिस्थिती बदलली की हेच एन्झाइम उलट दिशेनंही काम करतं. म्हणजे कापण्याऐवजी डी-एचपीजीची नवी शेपटी ६-एपीएला जोडून देतं.

या विषयाशी पुण्याचं जुनं नातं आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली होती, आणि देशातलं पेनिसिलिन तिथे तयार होऊ लागलं. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे पुणेकरांची 'एनसीएल', पेनिसिलिन ॲसायलेजवर अनेक वर्षं संशोधन करत आली आहे. १९९९ मध्ये एनसीएल आणि ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मिळून याच घराण्यातल्या पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली.

अजिनोमोटो पण असंच बनतं का?

थोडा फरक आहे. अजिनोमोटो म्हणून ओळखलं जाणारं मोनोसोडियम ग्लुटामेट किण्वनानं बनतं. कोरिनेबॅक्टेरियम नावाचे जिवंत बॅक्टेरिया टाकीत वाढवायचे, त्यांना साखर खायला द्यायची, आणि ते स्वतःच ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकतात. इथे पूर्ण पेशी जिवंत लागते, कारण साखरेपासून अमिनो आम्लापर्यंतचा प्रवास अनेक एन्झाइमच्या साखळीतून होतो.

किण्वनात बॅक्टेरिया स्वतःला लागणारी अमिनो आम्लं बनवतो, म्हणजे प्रामुख्यानं एल रूपं. डी-एचपीजी बॅक्टेरियाच्या नेहमीच्या जगण्याचा भाग नाही. त्यामुळे तिथे कच्चा माल कारखान्याचा आणि फक्त एक-दोन पायऱ्या बॅक्टेरियाच्या, अशी वाटणी करावी लागते.

पार्किन्सन्सच्या आजारात दिलं जाणारं एल-डोपा हे याचंच आणखी एक उदाहरण. जपानमध्ये ते टायरोसीन फिनॉल-लायेज या बॅक्टेरियाच्या एन्झाइमनं बनवण्याची पद्धत उद्योगात आली. कॅटेकॉल, पायरुविक आम्ल आणि अमोनिया या तीन गोष्टी हे एन्झाइम एका झटक्यात जोडतं. कोकणात आणि घाटात रानोमाळ दिसणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही एल-डोपा असतं. पण औषधासाठी ठरावीक शुद्धतेचा, दरवेळी सारखाच माल लागतो. (कुणीही त्या बिया स्वतःच्या मनानं औषध म्हणून खाऊ नयेत. डोस चुकला तर त्रास होऊ शकतो.)

भारताचा यात प्रश्न काय आहे?

भारत जगाला गोळ्या-कॅप्सूल पुरवतो, हे खरं आहे. पण गोळी बनवणं आणि गोळीतलं औषधद्रव्य बनवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भारत परदेशातून जी औषधद्रव्यं आणि त्यांचा कच्चा माल आणतो, त्यातला किमतीच्या हिशोबानं सुमारे दोन तृतीयांश भाग चीनमधून येतो, असं सरकारी आकडेवारी सांगत आली आहे.

पेनिसिलिनच्या बाबतीत हे जास्त बोचतं, कारण ही क्षमता भारताकडे एकेकाळी होती. १९९० च्या दशकापर्यंत देशात पेनिसिलिन जी बनवणारे कारखाने होते. नंतर चीनमधून आलेला माल इतका स्वस्त होता की इथलं उत्पादन परवडेना, आणि ते बंद पडत गेलं. पेनिसिलिन जी गेलं, पाठोपाठ ६-एपीएसाठीही बाहेर बघावं लागलं. डी-एचपीजीची गोष्टही वेगळी नाही. चीन आणि सिंगापूरहून येणाऱ्या या मालाबद्दल भारतात अँटी-डंपिंग चौकशी झाली होती. बाहेरचा माल अवाजवी स्वस्तात येऊन इथल्या उत्पादकाचं नुकसान होतंय का, हे अशा चौकशीत तपासलं जातं.

२०२० च्या सुरुवातीला कोरोनामुळे चीनमधले कारखाने थंडावले, तेव्हा हे अवलंबन किती धोक्याचं आहे ते सगळ्यांच्या लक्षात आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र सरकारनं औषधांच्या कच्च्या मालासाठी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, जाहीर केली. तिची तरतूद ६,९४० कोटी रुपयांची. योजनेतल्या पदार्थांत पेनिसिलिन जीचा समावेश आहे. या योजनेखाली आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ पेनिसिलिन जीचा मोठा कारखाना उभा राहिला आणि २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे साधारण तीन दशकांनी हे उत्पादन देशात मोठ्या प्रमाणावर परत आलं.

पण रेणूचे तुकडे दोन आहेत, हे इथे विसरून चालत नाही. बुरशीचा तुकडा देशात बनला आणि अमिनो आम्लाचा तुकडा बाहेरून यायचा राहिला, तर कॅप्सूल तरीही अडू शकते. फिनॉल भारतात बनतं, युरियाही बनतो. मधल्या पायऱ्यांना लागतात ती टिकाऊ एन्झाइम, ती स्वस्तात बनवण्याचं तंत्र आणि मोठ्या प्रमाणावर सतत चालणारे कारखाने. बाजारात किंमत पडली की हेच कारखाने आधी तोट्यात जातात.

ही पद्धत पूर्णपणे 'ग्रीन' आहे का?

जुन्या पद्धतीपेक्षा नक्कीच स्वच्छ आहे. द्रावणं कमी, तीव्र आम्लं कमी, निम्मा माल चक्रात फिरवत बसण्याचा त्रास नाही. बरंचसं काम पाण्यात आणि सौम्य तापमानाला होतं.

पण काही गोष्टी तशाच राहतात. फिनॉल अजूनही पेट्रोलियममधून येतं. एन्झाइम बनवण्यासाठी बॅक्टेरिया वाढवावे लागतात, त्याला वीज, पाणी आणि खाद्य लागतं. अमोनिया बाहेर पडतो, त्याची व्यवस्था लावावी लागते. आणि पुढच्या टप्प्यावर, जिथे प्रत्यक्ष अँटिबायोटिक तयार होतं, तिथलं सांडपाणी नीट प्रक्रिया न करता नदी-नाल्यात सोडलं तर त्यातल्या औषधामुळे बॅक्टेरिया दाद न देणारे होऊ शकतात. एन्झाइम वापरलं म्हणून ही जबाबदारी संपत नाही.

हे सगळं वाचणाऱ्यासाठी काय?

अमॉक्सिसिलिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नाही. साध्या सर्दीवर आणि फ्लूवर ते चालत नाही, कारण ते विषाणूंमुळे होतात. विषाणूला पेशीची भिंतच नसते आणि हे औषध बॅक्टेरियाच्या भिंतीचं बांधकाम थांबवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं अँटिबायोटिक्सचे गट पाडलेत, त्यात अमॉक्सिसिलिन 'ॲक्सेस' गटात आहे. म्हणजे गरज पडल्यावर ते प्रत्येकाला मिळालं पाहिजे, आणि पुढेही ते चालत राहावं म्हणून जपून वापरलं पाहिजे.

घरातल्या डब्यात मागच्या आजारपणातल्या दोन-चार कॅप्सूल उरलेल्या असतील, तर त्या पुढच्या वेळी स्वतःच घेऊ नका आणि शेजारच्यालाही देऊ नका. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितलंय तितके दिवस औषध घ्यायचं. काही त्रास झाला, अंगावर पुरळ उठलं, तर लगेच त्यांना कळवायचं.